गाडीच्या पोटाखालचा पाइप

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात सगळी गर्दी गाडीच्या तोंडाशी असते. कोणी क्रोमच्या जाळीत स्वतःचा चेहरा पाहतो, कोणी बॉनेट उघडायला लावतो, कोणी स्टिअरिंगला चिकटलेल्या गिअरच्या दांड्यावर हात ठेवून फोटो काढून घेतो. मालक कौतुकाने सांगत असतो, रंग अगदी मूळचाच मिळवलाय, सीटचं रेक्झिन तसंच शोधून आणलंय. गाडीखाली वाकून पाहणारा माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही. गाडीचं खरं वय तिथे दिसतं. इंजिन उघडून पुन्हा बांधलेलं असतं, पत्रा ठोकून सरळ केलेला असतो, आणि पोटाखालून मागच्या चाकांकडे गेलेला ब्रेकचा पाइप मात्र कारखान्यातून निघाला तोच असतो.

या बाबतीत माझं मत जरा भांडखोर आहे. चाळीस वर्षांच्या गाडीवर पहिला पैसा या पाइपावर घालवावा. रंग, क्रोम, रेक्झिन हे सगळं त्यानंतर. हे म्हटलं की जुन्या गाड्यांचे शौकीन मान डोलावतात आणि रंगवाल्याकडे जातात.

पाइप दिसायला अगदीच किरकोळ. बहुतेक मोटारींत त्याचा बाहेरचा व्यास ४.७५ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक. भिंतीची जाडी पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी. त्याच्या आत काय चालतं याचा हिशेब साधा आहे. समजा, पेडलवर तुम्ही ३० किलोचा जोर दिला. पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १५० किलो पडले. पिस्टनचा व्यास १९ मिलिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ जेमतेम २.८ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाइपात दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोंहून जास्त दाब. टायरमधली हवा याच मापाने साधारण २ किलो असते. टायरच्या पंचवीसपट दाब त्या बारक्या नळीने दर सिग्नलला सोसायचा, आणि समोर अचानक कोणी आडवा आला तर त्याच्या दुप्पट.

एवढ्या दाबाला टिकणारी नळी स्वस्तात बनवण्याची युक्ती अमेरिकेत डेट्रॉइटच्या बंडी कंपनीने काढली, म्हणून गेल्या शतकात जगभर तिला बंडी ट्यूबच म्हटलं गेलं. पोलादाच्या पातळ पट्टीला तांब्याचा मुलामा द्यायचा, ती पट्टी स्वतःभोवती दोनदा गुंडाळून नळी करायची आणि भट्टीतून काढायची. तांबं वितळून दोन्ही थर एकमेकांना धरून बसतात. जोडाची एकच रेघ आरपार जात नसल्यामुळे नळी सहसा उभी फाटत नाही. तिचा शत्रू एकच, गंज. आणि तो बाहेरून येतो.

पातळ तेलातून जोर चारही चाकांना सारखा पोचवायचा, हे तत्त्व सतराव्या शतकात पास्कलने मांडलेलं. मोटारीसाठी त्याचं पेटंट १९१७ साली घेतलं माल्कम लॉकहीडने. विमानांच्या लॉकहीड कंपनीशी ज्या दोन भावांचं नाव जोडलेलं आहे त्यांतला हा एक. १९२१ मध्ये ड्युसेनबर्गने चारही चाकांना असे ब्रेक लावले आणि १९२४ मध्ये वॉल्टर क्रायस्लरच्या पहिल्या गाडीने ते सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणले. लॉकहीडच्या मूळ रचनेतलं चामड्याचं सील गळायचं; क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी त्या जागी रबराच्या वाट्या बसवल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती याच क्रायस्लरशी संधान बांधून. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या गेल्या. फियाट नंतर आली. १९६४ पासून अकराशे डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी.

मी ज्या पद्मिनीबद्दल लिहितोय ती १९८६ सालची. मालक पार्ल्यात राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. चारही चाकांना ड्रम, मास्टर सिलिंडर एक आणि तेलाची वाटही एकच. म्हणजे कुठेही एका ठिकाणी पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. व्हॉल्वोने १९६६ मध्येच आपल्या १४० मॉडेलात दोन स्वतंत्र वाटा दिल्या होत्या, आणि १९६८ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना ते बंधनकारक झालं. फियाट अकराशेचा आराखडा त्याच्या आधीचा. अशा गाडीत पेडल तळाला गेलं की हाताशी उरतो तो तारेने ओढायचा हँडब्रेक.

त्यांच्या गाडीचे ब्रेक गेले नव्हते. टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होत होतं, एवढंच. आठवड्याला थोडं. ते वरून भरत राहिले. ओळखीच्या एका मेकॅनिकने व्हील सिलिंडरची किटं बदलून दिली, तरी पातळी उतरत राहिली. शेवटी ते कुर्ल्याला एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. पद्मिनी जिथे बनत होती त्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. मिस्त्रींचं गॅरेज तिथून फार लांब नाही. त्यांनी उमेदवारी केली ती काळ्यापिवळ्या टॅक्सींवर. पद्मिनीचं काम ते कान देऊन करतात, कारण डोळे आता साथ देत नाहीत, असं ते स्वतःच म्हणतात.

चाकं उघडायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. ‘साहेब, गाडी आज रात्री इथेच ठेवा,’ म्हणाले, आणि पोऱ्याला सांगून गाडीखाली लांबीभर पुठ्ठे अंथरले. निघण्यापूर्वी पेडल चांगलं दहा-बारा वेळा दाबलं. सकाळी मागच्या डाव्या चाकाच्या अलीकडे, पुठ्ठ्यावर बांगडीएवढा ओला डाग होता. इंजिनाचं ऑइल असं पसरत नाही. बोटाला लावून पाहिलं तर पातळ, बुळबुळीत, आणि पाण्याने धुतलं की साफ जाणारं. ब्रेकचंच.

वर पाहिलं तर पाइप काळा, ठणठणीत. मिस्त्रींनी त्याला फरशीशी धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप स्क्रू ड्रायव्हरने उचकटली. खाली वाळलेल्या मातीचा थर आणि त्याखाली तपकिरी, फुगलेला, पापुद्रे सुटणारा पाइप. नखाने खरवडल्यावर खड्डे दिसले. ब्रेकचे पाइप सगळीकडे सारखे गंजत नाहीत. ते क्लिपखाली गंजतात, वळणाच्या खालच्या बाजूला गंजतात, मागच्या ॲक्सलवर चिखल साचतो तिथे गंजतात. जिथे पाणी येतं आणि वारा पोचत नाही, ती जागा. शिवाय गळलेलं ब्रेक ऑइल रंग खातं. एकदा जोड पाझरायला लागला की ते आपल्याच पाइपावरचा रंग सोलून काढतं आणि गंजाला उघडी जागा करून देतं.

२६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ही गाडी अंधेरीला रस्त्यावर उभी होती. पाणी सीटपर्यंत आलं. नंतर इंजिन उघडलं, सीटा उन्हात वाळवल्या, वायरिंग बदललं, सगळं रीतसर झालं. पोटाखालचा गाळ क्लिपांमध्ये तसाच राहिला. त्यात मुंबईची खारी हवा. बर्फाच्या देशांत हेच काम रस्त्यावर टाकलेलं मीठ करतं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ च्या पिकअप गाड्यांचे गंजून फुटणारे ब्रेक पाइप हा इतका मोठा विषय झाला, की तिथल्या वाहन सुरक्षा खात्याने काही वर्षं त्याची चौकशी केली. २०१५ मध्ये ती बंद करताना मालकांना सल्ला दिला गेला तो गाडीचं पोट नीट धुऊन घ्या, पाइप तपासून घ्या, हाच.

‘तेवढा तुकडा बदलून भागेल?’ मालकांनी विचारलं. कोणीही विचारेल.

मिस्त्री एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात इतर गाड्यांतून काढलेली चित्रविचित्र जोडकामं होती. मधला गंजलेला भाग कापून पितळी जोड लावलेला पाइप, एसीच्या कामाची तांब्याची नळी, एका ठिकाणी तर चक्क रबराचा तुकडा वर क्लॅम्प आवळून. ‘हे सगळे जिवंत राहिले म्हणून गाड्या माझ्यापर्यंत आल्या,’ ते म्हणाले. आणि मग व्यवहाराचं बोलले: तुकडा जोडायला हा नट सोडवला की पुढचा पाइप पिळवटणार, तो बदलायला त्याच्या पुढचा. एकाच दिवशी, एकाच कारखान्यात, एकाच पोलादाचे बसवलेले पाइप आहेत. एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत आहेत.

सगळे बदलायचं ठरलं. मास्टर सिलिंडरपासून पुढच्या दोन चाकांकडे जाणारे, फरशीखालून मागे जाणारा लांब पाइप, आणि ॲक्सलवरच्या टी-पासून दोन्ही बाजूंना गेलेले दोन आखूड.

या कामातलं खरं युद्ध सोडवण्यात आहे. बसवणं त्यामानाने सोपं. चाळीस वर्षं एका जागी बसलेला नट आट्यांत गंजून धरतो आणि पाइपालाही धरतो. साधा फिक्स पाना लावून जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग ग्रिप पाना, छिन्नी, शिव्या अशी चढती भाजणी सुरू होते. मिस्त्रींकडे एक रिंग पाना आहे, त्याच्या रिंगेला पाइप आत जाईल एवढी खाच त्यांनी स्वतः कापून घेतलेली. असे पाने तयार मिळतात, पण हा त्यांच्या हाताला बसलाय. आदल्या रात्रीच प्रत्येक जोडावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. तरी मागचे दोन नट हलेनात. तेव्हा त्यांनी सरळ पाइपच कापला, नटाच्या अगदी कडेला. पाइप टाकूनच द्यायचा आहे तर त्याला जपायचं कशाला? आता नटावर पूर्ण सॉकेट बसला, थोडा ब्लो लॅम्पचा शेक दिला, कर्र आवाज झाला आणि नट सुटला. शेक देण्यापूर्वी आजूबाजूचं सांडलेलं ऑइल पुसून घेतलं होतं आणि पेट्रोलची टाकी किती लांब आहे ते दोनदा पाहिलं होतं, हेही लिहिलं पाहिजे. ब्रेक ऑइल पेट घेतं.

जुने पाइप फेकायचे नाहीत. ते शक्य तितके अखंड काढून जमिनीवर मांडले गेले, कारण तेच नव्यांचे साचे. कुठे किती वळण, एक्झॉस्टपासून किती लांब, हँडब्रेकच्या तारेला न घासता कसं जायचं, हे सगळं इटलीतल्या कोणा आराखडेकाराने ठरवलेलं त्या गंजक्या नळीत लिहिलेलं असतं. मास्टर सिलिंडरपाशी पाइपाला एक अख्खा वेढा दिलेला होता. तो हौसेखातर दिलेला नसतो. इंजिनाचे आणि रस्त्याचे हादरे त्या वेढ्यात जिरतात. घाईत काम करणारा तो वाचवतो आणि काही वर्षांनी पाइप जोडाशी तडकतो.

नव्या पाइपाच्या धातूवरून थोडी चकमक झाली. मिस्त्रींच्या डोक्यात बाजारात मिळणारा मुलामा दिलेला पोलादी पाइपच होता. मालकांच्या पुतण्याने मात्र इंग्लंडातून येताना तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं पंचवीस फुटांचं वेटोळं आणलं होतं. यात निकेल साधारण दहा टक्के, थोडं लोखंड, बाकी तांबं. समुद्राच्या पाण्यातही न गंजणारा हा धातू जहाजांच्या पाइपांसाठी आधीपासून वापरात होता. व्हॉल्वोने १९७६ पासून तो ब्रेकसाठी घेतला. मिस्त्रींनी वेटोळं हातात घेतलं, नुसत्या अंगठ्याने वाकवून पाहिलं आणि नाक मुरडलं. ‘एसीवाल्यांची नळी आहे ही.’

त्यांचा संशय चुकीच्या वस्तूवर होता, पण संशयाचं कारण बरोबर होतं. शुद्ध तांब्याची नळी हादऱ्यांनी कडक होत जाते आणि कडक झालेलं तांबं तडकतं. त्यात फ्रिज-एसीच्या कामाची नळी तर ब्रेकच्या दाबासाठी बनवलेलीच नसते. निकेल मिसळलं की ताकद वाढते आणि तरी हाताने वाकवता येण्याइतका मऊपणा राहतो. मिस्त्रींनी एक तुकडा कापून त्याचं तोंड फुलवून पाहिलं. पोलादावर दोन्ही हातांनी आवळावा लागणारा साचा इथे सहज फिरला, कड कुठे फाटली नाही. त्यांनी तो तुकडा खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग पोऱ्याला हाक मारली, ‘वेटोळं सोड.’

फ्लेअर, म्हणजे पाइपाचं फुलवलेलं तोंड, ही या कामातली कारागिरी. गाडीच्या ब्रेकला ते दुहेरी लागतं. हॅकसॉने कापलं तर तोंड तिरकं होतं आणि कीस आत पडतो, म्हणून नळी कापायचं चाकाचं कटर वापरायचं. आतली-बाहेरची कड साफ करायची. साच्यात पकडून आधी एका ठोकळ्याने तोंड आत दुमडून घ्यायचं, मग शंकूने दाबून ती घडी दुपदरी बसवायची. एकेरी फ्लेअर एसीला चालतो. इथल्या दाबाला तो चिरतो. पुन्हा बसणीचे प्रकार आहेत. काही गाड्यांच्या जोडात आत वळलेला शंकू लागतो, काहींत बुडबुड्यासारखं गोल तोंड. एकाच्या जागी दुसरं घातलं तर नट आवळला जातो, जोड कोरडा दिसतो, आणि जोरात ब्रेक मारला की गळतो. त्यामुळे नवा पाइप करण्यापूर्वी जुन्याचं तोंड पाहायचं.

नट आधी पाइपात ओवून घ्यायचा आणि मग तोंड फुलवायचं, हा क्रम पोऱ्या एकदा चुकला. सुंदर फ्लेअर झाला आणि नट बाकावरच. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी कटर त्याच्यापुढे सरकवलं.

पाइप बसले, क्लिपा नव्या लावल्या, प्रत्येक क्लिपखाली रबराची पट्टी. आता हवा काढायची. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात बुडबुडा राहिला की पेडल स्पंजसारखं लागतं आणि जोर बुडबुड्यातच संपतो. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरच्या पायाजवळचं. चाकामागच्या हवा काढायच्या निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. आत बसलेला मालक, बाहेर मिस्त्री.

‘मारा. मारा. मारा. आता दाबून धरा.’ निप्पल अर्धा आटा सुटतो, नळीतून बुडबुडे जातात, निप्पल बंद. ‘सोडा. मारा.’

सुरुवात करण्यापूर्वी मिस्त्रींनी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. मालकांना वाटलं, पाय टेकायला. पण रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन ठरावीक अंतरापर्यंतच जातो. त्यापलीकडच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज बसलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की रबराची वाटी त्या खरबरीत भागावरून घासून चिरते. लोक मग म्हणतात, ब्रेकचं काम केलं आणि मास्टर सिलिंडर गेला. ठोकळा त्यासाठी.

बाटलीत आधी आलं ते चहाच्या रंगाचं पाणीच. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषतं, तो त्याचा धर्म आहे. ‘डॉट ३’ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो; ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तोच १४० वर आला तरी प्रमाणात बसतो. डॉट ४ चे हे आकडे २३० आणि १५५. खंबाटकी किंवा कशेडीच्या उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला की ड्रम तापतात, ऑइलातलं पाणी उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी खाली जातं. ड्रायव्हर घाटाला दोष देतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं असं बहुतेक कंपनीवाले सांगतात, आणि आपल्याकडे ते गळलं तरच भरतात. मिस्त्रींनी डॉट ४ चा सीलबंद डबा फोडला. अर्धवट उरलेला ते वापरत नाहीत.

पेडल दगडासारखं घट्ट झालं. मालकांना ते पूर्ण ताकदीने दाबून धरायला लावून मिस्त्री बॅटरी घेऊन खाली सरकले आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिशू फिरवून पाहिला. मग चाचणीची फेरी, आधी गल्लीतच. ब्रेक मारला की गाडी किंचित उजवीकडे ओढत होती. परत आल्यावर मिस्त्रींनी ड्रमवर तळहात ठेवले. पुढचा डावा भाजत होता.

हा घोटाळा रबरी होजचा. चाक हलतं म्हणून धातूचा पाइप आणि चाक यांच्यामध्ये लवचीक होज असतो. या गाडीत पुढे दोन, मागे एक. बाहेरून धडधाकट दिसणारा होज वयाने आतून फुगतो आणि त्याची वाट अरुंद होते. दाबलेलं ऑइल त्या चाकाला उशिरा पोचतं, म्हणून गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. आणि पाय काढल्यावर ते परत येत नाही, म्हणून चाक धरून राहतं. जुन्या, अर्धवट गळणाऱ्या पाइपांत हे लक्षात आलं नसतं.

होज मिळवणं आता पूर्वीसारखं नाही. पद्मिनीचा माल या शहरात जागोजागी मिळायचा तो टॅक्सींमुळे. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांना किटं, शू, सिलिंडर लागायचे, म्हणून कोणी तरी ते बनवायचं आणि ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत ते पडून असायचं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ताडदेवच्या आरटीओत, २००३ च्या ऑक्टोबरअखेर. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनीही संपली. वर्तमानपत्रांनी छान निरोप दिला. मालाचं मोठं गिऱ्हाईक मात्र त्या टॅक्सींबरोबर गेलं. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे, दहा वर्षांची, पण १९८६ ची पद्मिनी त्यात बसायला अजून अवकाश आहे. तोवर ती नुसती जुनी गाडी.

तिन्ही होज दुकानातल्या एका धूळ खाल्लेल्या खोक्यात मिळाले. मिस्त्रींनी ते घेतले नाहीत. पाकिटात ठेवलेलं रबरही म्हातारं होतं, त्यांनी वाकवून मालकांना बारीक भेगा दाखवल्या. जुन्या होजची टोकं नमुन्याला देऊन नवे बनवून घेतले, दाबाची चाचणी करून. त्याला वेळ लागला.

गाडी घ्यायला मालक आले तेव्हा त्यांना बंपरच्या क्रोमचं विचारायचं होतं. मिस्त्रींनी त्यांना खाली बसवून नव्या पाइपाच्या शेजारून जाणारी दुसरी नळी दाखवली. तेच पोलाद, तेच वय, तशाच क्लिपा, त्यांच्याखाली तीच माती. तिच्यातून पेट्रोल जातं. ‘क्रोमवाल्याला पुढच्या महिन्यात सांगा,’ ते म्हणाले, ‘टाकी मी सोमवारी उतरवतो.’